अनुभव धागा: निर्वासितांचं ड्रायव्हिंग लायसन्स

परदेशात आपल्यापैकी बऱ्याच जणांचे शेजारी, सहकारी निर्वासित असतात. काहीजण मदतगटांतही जातात. घर, शाळा, भाषा यांवर बोलून होतं, लायसन्सवर कुणी बोलत नाही. खरं तर कितीतरी नोकऱ्या तिथेच अडतात. आपलं जुनं लायसन्स खरं आहे का, हे मायदेशातलं ऑफिस सांगू तरी शकतं. यांनी ज्या सरकारपासून जीव वाचवला, त्याच्याच दारात दाखला मागायला जायचं? तुम्ही जवळून पाहिलेलं लिहा. नावं मात्र नकोत.

जर्मनीतून
सीरियाहून आलेल्या एका ट्रकचालकाचा मी थिअरीचा अभ्यास घ्यायचे. तिकडचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि गाडीवरची अशा दोन्ही परीक्षा. लेखी परीक्षा २०१६पासून अरबीतूनही देता येते, त्यामुळे निम्मं ओझं उतरलं. ३० प्रश्नांत दहा दोषगुणांपर्यंत माफी आहे, पण ते पाच-पाचच्या दोन चुकांनी झाले तर नापास! गडी नेमका तिथेच घसरला. शिवाय पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं. ट्रकवर आयुष्य गेलेल्या माणसाला सायकलवाल्यासाठी थांबणं काही केल्या पटेना. माझ्याशी वाद घालायचा. दुसऱ्या खेपेला पास झाला, वाद अजून चालू आहे.

वरच्याला जोडून
युक्रेनमधून आलेल्यांना हे काहीच करावं लागलं नाही. तात्पुरतं संरक्षण (युद्धामुळे आलेल्यांना दिलेली राहण्याची परवानगी) आहे तोवर त्यांचं लायसन्स चालेल, असा नियम युरोपीय संघाने २०२२मध्ये केला. भाषांतरसुद्धा नको. म्हणजे मनात आणलं की होतं.

ओंटारिओ, कॅनडा
इथे जुना अनुभव पूर्ण धरायचा तर मूळ लायसन्स देणाऱ्या ऑफिसचं किंवा वकिलातीचं पत्र लागतं. माझे शेजारी अफगाण. २०२१मध्ये तालिबान सत्तेवर आल्यानंतर त्यांनी ते काबूलमध्ये कुणाकडे मागायचं? मायदेशाकडून न मिळणारे दाखले आश्रय देणाऱ्या देशाने द्यावेत, असं १९५१च्या निर्वासित कराराच्या २५व्या कलमात आहे. मी मोठ्या तोऱ्यात ते खिडकीवर ऐकवलं. पलीकडून फॉर्म पुढे सरकला. शेवटी पत्राविना जेवढा अनुभव धरतात तेवढाच धरला गेला.

ब्रिटन
इथे २०१४पासून थिअरीला दुभाषा नाही. इंग्रजी किंवा वेल्श. सुदानच्या एका बाईंना गाडी उत्तम येत होती, प्रश्नच वाचता येत नव्हते. आम्ही आधी इंग्रजीच घेतलं.

आणखी एक: ऑनलाइन 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' विकणाऱ्यांपासून सांभाळा. खरं परमिट मूळ लायसन्स ज्या देशाचं तिथूनच मिळतं, आणि त्या लायसन्सशिवाय त्याला किंमत नाही.

पुन्हा ओंटारिओ
विम्याचं कुणी लिहा ना. जुना अनुभव कागदावर नसल्याने शेजाऱ्यांना नवशिक्याचाच हप्ता लागलाय. कुठल्या कंपनीने दुसरा काही पुरावा चालवून घेतला का?