मदत हवी आहे: ८०८५ सिम्युलेटरवर डीसीएक्स वापरला की लूप थांबतच नाही

देवगडला बारावीच्या मुलांची कॉम्प्युटर सायन्सची शिकवणी घेते. ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर सध्या ब्राउझरमधल्या सिम्युलेटरवर शिकवतेय. किटवर (खऱ्या ८०८५ च्या सराव-बोर्डवर) हेक्स कोड टाकला की शेवटचं उत्तर तेवढं दिसतं. इथे एकेक पायरी पुढे नेली की कुठलं रजिस्टर (प्रोसेसरमधली किंमत ठेवायची जागा) बदललं ते मुलांना समोर दिसतं. मला हे फार मोलाचं वाटतं. 'एसटीए २०५०एच' (ए रजिस्टरमधली किंमत २०५० या पत्त्यावर ठेव; एच म्हणजे हेक्स) मेमरीत ३२, ५०, २० असं बसलेलं पाहून एका मुलीने आपणहून विचारलं, "५० आधी कसं?" फळ्यावर शिकवताना हा प्रश्न कधी आला नव्हता.

अडलंय ते डिले लूपपाशी (नुसता वेळ घालवायला फिरणारा लूप):

एलएक्सआय बी, ०००५एच
लूप: डीसीएक्स बी
जेएनझेड लूप
एचएलटी

डीसीएक्स बी दर फेरीला बी आणि सी रजिस्टरांची १६ बिटांची जोडी एकाने घटवते. उत्तर शून्य आल्याची खूण म्हणजे झेड फ्लॅग; तो ० असेल तर जेएनझेड पुन्हा लूपकडे नेते. म्हणजे पाच फेऱ्यांत संपायला हवा. पण बीसी जोडी ००००एच होते, मग एफएफएफएफएच, आणि पुन्हा खाली उतरत राहते. झेड फ्लॅग शून्यच. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्यां थांबणाच नाय." डीसीआर सी (एकटं आठ बिटांचं सी घटवणारी सूचना) वापरून लिहिला तर बरोब्बर थांबतो. सिम्युलेटर चुकतोय की मी? शिवाय पावसात नेट गेलं तर मोबाइलवर हे कसं चालू ठेवू?

प्रतिसाद १
ताई, सिम्युलेटर बरोबर आहे. डीसीएक्स आणि आयएनएक्स (जोडी एकाने वाढवणारी) पाचपैकी एकाही फ्लॅगला हात लावत नाहीत. ते काम एएलयूत (गणित-तर्क करणाऱ्या भागात) होत नाही, पत्ते वाढवणाऱ्या-घटवणाऱ्या वेगळ्या सर्किटमध्ये होतं. डीसीएक्स बी नंतर 'एमओव्ही ए, सी' (सी ची किंमत ए मध्ये) आणि 'ओआरए बी' (ए आणि बी चा ऑर) घाला, मग जेएनझेड. दोन्ही बाइट शून्य असतील तरच झेड १ होईल. ए मधली किंमत जाईल. ती हवी असेल तर लूपआधी पुश पीएसडब्ल्यू (ए आणि फ्लॅग स्टॅकवर ठेवणं), नंतर पॉप पीएसडब्ल्यू (परत घेणं).

नेटचं म्हणाल, तर जो सिम्युलेटर सगळा जावास्क्रिप्टमध्ये आहे तो एकदा उघडला की फोनमध्येच चालतो. फक्त पान रिफ्रेश करू नका.

धागालेखिका
थांबला! पाचव्या फेरीला झेड १ झाला. खूप आभार. उद्या मुलांना आधी चुकलेलाच लूप देते, त्यांनाच शोधू दे. पण मग डीएडी (दोन जोड्यांची बेरीज) सुद्धा १६ बिटांचीच ना? तिथे कॅरी (हातचा दाखवणारा फ्लॅग) बदलते ती कशी?

प्रतिसाद २
डीएडी एएलयूतूनच जाते, आठ-आठ बिटांच्या दोन बेरजा करून. म्हणून कॅरी बदलते, बाकी फ्लॅग जसेच्या तसे.