ऐच्छिक म्हणजे नेमकं किती ऐच्छिक?
अमेरिकेतल्या जेडीच्या (तिथल्या कायद्याच्या पदवीच्या) अर्जात काही निबंधांपुढे ‘ऐच्छिक’ लिहिलंय, तर भाचीनं ते सोडून द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सगळे ऐच्छिक रकाने एका माळेचे मणी नसतात.

‘आमचंच लॉ स्कूल का?’ किंवा जडणघडणीबद्दल विचारलं असेल आणि तिच्याकडे सांगण्यासारखं काही असेल, तर जरूर लिहावं. ओढूनताणून नको, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा निकष वापरायला मनाई केली. मात्र वंशाचा स्वतःच्या आयुष्यावर झालेला परिणाम अर्जदारानं मांडायला आडकाठी ठेवली नाही. त्यानंतर अनेक ठिकाणी प्रश्नांची भाषा बदलली आहे, म्हणून जुना नमुना उचलून चिकटवू नका.

खुलाशाचं (अ‍ॅडेंडम) प्रकरण वेगळं. एलसॅटला (लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला) दोन गुण कमी पडले म्हणून पानभर रडगाणं कशाला? एखादं सेमिस्टर आजारपणात गेलं असेल तर चार ओळी पुरेत. शिवाय पदवी भारतातली असेल तर एलसॅक (ही परीक्षा घेणारी आणि गुणपत्रकं तपासणारी संस्था) तिचा जीपीए काढत नाही, ‘सुपीरियर’, ‘अबव्ह अ‍ॅव्हरेज’ अशी श्रेणी देतं. त्यामुळे आपल्याकडचे ६२ टक्के तिथे वाटतात तितके वाईट नसतात, हे समजावत बसायची बहुधा गरज नाही.

शिस्तभंग आणि गुन्ह्यांबद्दलचे प्रश्न मात्र ऐच्छिक समजू नका. पुढे वकिलीच्या सनदेच्या वेळी हाच अर्ज पडताळला जाऊ शकतो.