१९८८ची इमारत, न्यूट्रलला फ्यूज. टेस्ट रिपोर्ट पास होता, आता खर्च कोणाचा?

डोंबिवलीची_नवी: डोंबिवली पूर्वेला रीसेलचा फ्लॅट घेतलाय. एसीसाठी वायरमन आला, बोर्ड उघडला आणि गप्पच झाला. फेज आणि न्यूट्रल, दोन्हीला चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. गिझरच्या सॉकेटला अर्थची वायरच नाही, तिसऱ्या पिनला न्यूट्रलमधूनच तुकडा मारलेला. खाली मीटररूममधून वर येणारी वायर अॅल्युमिनियमची, हात लावला की इन्सुलेशनचा भुगा पडतो.

सेक्रेटरी म्हणतात, "कनेक्शन घेताना टेस्ट रिपोर्ट पास झालाय, इतकी वर्षं कोणाला काही झालं नाही." आधीचे मालक फोन उचलत नाहीत. ज्यांनी पास केलं त्यांनीच निस्तरायला नको का?

फुकटचा_सल्ला: बिल्डरला रेरात खेचा!

मेगरवाला: रेरात दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षं. १९८८च्या बिल्डरला कुठून आणणार?

ताई, मी परवानाधारक ठेकेदार, ठाणे जिल्ह्यात जुन्या इमारतींचीच कामं जास्त करतो. आधी गिझर बंद करा, मग वाद घाला. मीटरच्या बाजूला कुठे न्यूट्रल तुटला, तर त्या तुकड्यातून गिझरचा पत्रा थेट फेजवर येतो. आणि तो तुकडा तसाच ठेवून कोणी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून दिला, तर गिझरची गळती न्यूट्रलमधूनच परत जाते. आरसीसीबीला पत्ताच लागत नाही, तुम्ही मात्र निर्धास्त. हे मी फार घरांत बघतो.

आता टेस्ट रिपोर्ट. माझ्यासारख्याच कोणीतरी त्या दिवशी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, आकडा लिहिला, सही ठोकली. ती पुढच्या पस्तीस वर्षांची हमी कशी होईल? शिवाय न्यूट्रलला सुटा फ्यूज १९५६च्या नियमांतही चालत नव्हता. तो उडाला की दिवे बंद, पण होल्डरमध्ये फेज जिवंत. म्हणजे 'तेव्हाच्या नियमाने बरोबर होतं' हेही खरं नाही. नंतर कोणी घुसडला की सुरुवातीपासूनच होता, हे आता सिद्ध करत बसू नका, त्यात वकिलाचंच घर चालेल.

नियम सरळ आहे. जागेतली वीज कंपनीची वायर आणि मीटर सुरक्षित ठेवणं कंपनीचं काम, आणि आपल्या ताब्यातली फिटिंग सुरक्षित ठेवणं ग्राहकाचं. ग्राहकाला अर्थचं टर्मिनल देणंही कंपनीकडेच येतं. ते मीटरपाशी आहे का, हे बघून नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोललेलं तिथे कोणी लक्षात ठेवत नाही.

खजिनदार_काका: एक राहिलं. मीटरपासून तुमच्या मेन स्विचपर्यंतची वायर सोसायटीची. आदर्श उपविधींत सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे, त्यात फ्लॅटमधल्या मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या लाइनी स्पष्ट लिहिल्यात. आमच्याकडेही 'ज्याची वायर त्याने बघा' चाललं होतं. शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव केला आणि दुरुस्ती निधीतून सगळ्यांची मेन लाइन तांब्याची केली. एकट्याची बदलू नका, डक्ट एकच असतो.

डोंबिवलीची_नवी: म्हणजे मेन स्विचनंतरचं सगळं माझंच?

मेगरवाला: हो, तुमचंच. विकणाऱ्याने मुद्दाम लपवल्याचा कागद असेल तर गोष्ट वेगळी, पण असा कागद कोणी ठेवत नाही. पूर्ण घर एकदम जमत नसेल तर गिझर, एसी आणि स्वयंपाकघर आधी करा. त्या तीन लाइनींना नवी अर्थ वायर ओढून घ्या. फ्यूज काढून डबल पोल एमसीबी (जास्त करंट आला की फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा मेन) आणि आरसीसीबी बसवा. काम झालं की ठेकेदाराकडून नवा टेस्ट रिपोर्ट मागा. आणि मेगर लावताना समोर उभ्या राहा.

डोंबिवलीची_नवी: सेक्रेटरींना उपविधींचं पान व्हॉट्सअॅप केलं. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

खजिनदार_काका: व्हॉट्सअॅप कसलं करता, कार्यालयात पत्र द्या आणि शिक्का मारून घ्या.