प्रति: साऊंड कार्ड लावलं की ३८६ (जुन्या प्रोसेसरचा पीसी) सुरूच होत नाही
कार्ड काढलं की मशीन मस्त चालू होतं आणि लावलं की पॉवर सप्लायचा पंखा एक झटका देऊन थांबतो म्हणताय, मग खोडरबरने कार्डचे कॉन्टॅक्ट घासून काही होणार नाही हो, मुंबईच्या दमट हवेत ते काळे पडतातच, पण ही लक्षणं शॉर्टची आहेत, म्हणजे वीज मधल्या मधे थेट ग्राउंडला जातेय. कार्ड बाहेर काढून मल्टीमीटर बीपवर ठेवा (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो तो मोड). सोल्डरच्या बाजूने, पत्र्याच्या पट्टीकडून मोजत नववा कॉन्टॅक्ट १२ व्होल्ट आणि त्याला लागूनच दहावा ग्राउंड, या दोघांवर मीटरच्या पिना टेकवा. सलग बीप वाजला तर बहुतेक टँटलम कपॅसिटर गेलाय, तो पिवळा थेंबासारखा असतो ना, तोच. माझा तर वरून अगदी नवाकोरा दिसत होता, म्हणून तीन रविवार मी बिचाऱ्या स्लॉटलाच शिव्या घातल्या :) शेवटी त्याचा एक पाय उचलला आणि शॉर्ट गायब!

लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) नवा कपॅसिटर २५ व्होल्टचा आणा, १६ चा नको, आणि प्लसची बाजू बघून लावा, उलटा लागला तर फटाका. मशीन सुरू झालं पण आवाज नसेल तर कार्ड आयआरक्यू ७ वर आहे का बघा (आयआरक्यू म्हणजे कार्डने प्रोसेसरला हाक मारायची लाइन), तो प्रिंटर पोर्टचा असतो, कार्डवरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) ५ वर टाका.