आधीच कापलेले बरे
कॅन्सरच्या पहिल्या केमोनंतर केस गळायची वाट बघायची की आधीच कापून टाकायचे, हा प्रश्न पडतोच. मी वाट बघितली, चुकलं. १७व्या दिवशी सुरू झालं: उशीवर, मोरीच्या जाळीत, ताटातसुद्धा केस. टाळू इतकी हुळहुळायची की डोकं उशीवर टेकवत नव्हतं. शेवटी धाकट्या दिराने गच्चीत बसवून मशीन फिरवलं. वस्तरा नकोच, कापलं तर संसर्गाची भीती. विग घेतला, दोनदा घातला. मे महिन्यात कोण घालणार! आईच्या जुन्या सुती साडीचे रुमालच कामी आले. भुवयाही जातात हे कुणी सांगितलं नव्हतं, धक्का त्याचाच जास्त. अर्थात केमोच्या सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत, डॉक्टरांना आधी विचारा. माझे शेवटच्या डोसनंतर दोनेक महिन्यांनी उगवले, चक्क कुरळे!