मदत हवी आहे: मियाटासाठी परवडणारे पकडीचे टायर

नमस्कार मंडळी. गाडी १९९९ची माझदा मियाटा, न्यू जर्सीत, वजन जेमतेम १०५० किलो. मूळ माप १९५/५० आर१५ (रुंदी १९५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू तिच्या ५० टक्के उंच, रिमचा व्यास १५ इंच), रिम ६ इंच रुंद. रोजचा वापर, उन्हाळ्यात अधूनमधून ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत शंकूंमधून घड्याळाशी शर्यत). अडलंय ते दोन टायरांत: हँकूक व्हेंटस आरएस४ (ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा, २००) की फायरस्टोन फायरहॉक इंडी ५०० (३४०)?

ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन ब्रँडची तुलना त्यावर करायची नाही, हे ठाऊक आहे. ऑटोक्रॉसच्या स्ट्रीट गटात किमान २०० लागतो, तिथे दोन्ही चालतात. खरी काळजी पावसाची. हलक्या गाडीचा रुंद टायरवर दाब कमी पडतो, म्हणून साचलेल्या पाण्यावर ती लवकर तरंगते. आरएस४ला खाचा कमी; अर्धा झिजल्यावर हायवेवर कसा वागतो? आणि एवढ्याशा वजनावर तो नीट गरम होतो का?

२०५/५० घेतला तर व्यास ५७६चा ५८६ मिमी होतो, स्पीडोमीटर पावणेदोन टक्के कमी दाखवेल, ते चालेल. पण ६ इंची रिमवर साइडवॉल फुगून वळणात खांदे (टायरच्या बाहेरच्या कडा) घासतात का? थंड टायरमध्ये हवेचा दाब कंपनीने सांगितलेला २६ पीएसआय पुरतो, की २८–३० ठेवता? खडूने खांद्यावर रेघ मारून ती वळणात कुठवर पुसली जाते हे तपासलं असेल तर आकडा नक्की सांगा.

तापमान ७ अंशांखाली गेलं की हे टायर काढणारच, त्यामुळे बर्फाचा विचार नको. डॉट कोडनुसार (टायरवर छापलेली निर्मितीची तारीख) दोन वर्षं जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय, घ्यावा का?