'प्रादेशिक' जलधी म्हणजे नेमका कुणाचा?

फलकवाला: मच्छीमार सोसायटीच्या फलकासाठी इंग्रजी परिपत्रकाचं मराठी करायचंय. 'टेरिटोरियल वॉटर्स'ला 'प्रादेशिक जलधी' लिहिलं, तर मसुदा वाचणाऱ्या दोघांनी दोन अर्थ काढले. एक म्हणतो प्रादेशिक म्हणजे राज्याचा, प्रादेशिक पक्ष असतो तसा. दुसरा म्हणतो देशाचा प्रदेश, म्हणजे दिल्लीचा. काय ठेवू?

कलमदान: दोघंही अर्धे बरोबर. आधाररेषेपासून (साधारणपणे किनाऱ्यावरच्या ओहोटीच्या रेषेपासून) 12 सागरी मैलांपर्यंत देशाचं सार्वभौमत्व, म्हणून 'टेरिटोरियल'. पण त्या पट्ट्यातली मासेमारी घटनेच्या राज्यसूचीत (नोंद 21), म्हणजे कायदा राज्याचा, आणि पलीकडची संघसूचीत (नोंद 57), म्हणजे कायदा संसदेचा. तळाखालची खनिजं मात्र कलम 297 नुसार किनाऱ्यापासूनच संघाची. म्हणजे एकाच जागी वरच्या बांगड्याचा कायदा मुंबईत होतो आणि खालच्या खनिजांचा दिल्लीत. 'प्रादेशिक' यातलं काहीच सांगत नाही.

रापणकर: मालवणात 'हद्द' म्हणतत, जलधी कोण म्हणता? 'राज्याची मासेमारी हद्द: 12 सागरी मैल' लिहा आणि खाली कंसात 22.2 किलोमीटर. सागरी मैल 1852 मीटरचा, रस्त्याचा 1609 चा. जीपीएसचं एकक चुकून रस्त्याच्या मैलावर राहिलं तर 12 च्या आकड्याला होडी हद्दीच्या जवळजवळ तीन किलोमीटर आतच असते, आणि तांडेल (होडीचा म्होरक्या) समजतो बाहेर पोचलो. खाडीत आतल्या जेटीपासून मोजलं तर चूक आणखी वाढते.

शुद्धमती: हद्द अरबी आहे, 'सीमा' लिहा. आणि 12 मैलांपलीकडे 'केंद्राची हद्द' तर नकोच. घटनेचं पहिलं कलम 'राज्यांचा संघ' म्हणतं, घटनेत केंद्र सरकार हा शब्दच नाही. तमिळनाडू सरकारनं 2021 पासून 'ओन्ड्रिय अरसु', म्हणजे संघ सरकार, असं म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही. केंद्र म्हटलं की बाकीचे परिघावर जातात.

कलमदान: शब्दच नाही म्हणू नका. जीएसटीच्या 101 व्या दुरुस्तीतलं कलम 279अ काढा. तिथे 'सेंट्रल गव्हर्न्मेंट' असंच छापलंय. जीएसटीचे दर वगैरे सुचवणाऱ्या परिषदेत त्याच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला हवेत तीन चतुर्थांश. सगळी राज्यं एक झाली तरी 66.7 टक्क्यांवर अडतात. केंद्राला उरलेल्या 41.7 टक्क्यांसाठी हजर राज्यांपैकी पाच अष्टमांश पुरतात. संघ म्हणा की केंद्र, एकट्यानं ठराव अडवायची ताकद त्याच्याकडेच. (परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये सांगितलं. तो खटलाही समुद्री मालवाहतुकीच्या भाड्यावरच्या कराचाच!)

घटिकापात्र: हद्द अरबी, मग केंद्र कुठलं? ग्रीक 'केन्ट्रॉन', ज्योतिषातून आपल्याकडे आलेलं. आणि पत्रिकेत केंद्रं चार असतात: 1, 4, 7, 10 ही घरं. दिल्लीला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.
त्याहून मजेशीर 'समवर्ती सूची', म्हणजे संसद आणि राज्यं दोघंही कायदे करू शकतात त्या विषयांची. अमरकोशात समवर्ती हे यमाचं नाव, सगळ्यांना सारखं वागवणारा. आपली जयगड, दिघी, रेडी ही लहान बंदरं याच सूचीत, नोंद 31. पण कलम 254 नुसार कायद्यांची टक्कर झाली की संसदेचा टिकतो. राष्ट्रपतींची संमती घेतलेला राज्याचा कायदा त्या राज्यापुरता वाचतो, पण तोही संसद पुढे फिरवू शकते. यात सम काय?

शुद्धमती: मग 'सामायिक सूची' म्हणू.

रापणकर: सामाईक म्हटलं की कोकणात सातबारा आठवतो. नावं पन्नास, वहिवाट एकाची. 1976 मध्ये 42 व्या दुरुस्तीनं वनं आणि शिक्षण राज्यसूचीतून उचलून तिथेच नेली, तेव्हा शब्द चपखल आहे खरा.
पण फलकाचं बघा. हद्दीच्या आत राज्याचा 1981 चा सागरी मासेमारी कायदा. बाहेर एलईडी मासेमारीवर (प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर) केंद्राची 2017 ची बंदी. आणि बाहेर जायला राज्याच्या पाण्यातूनच जावं लागतं, खरी गाठ तिथे आहे. तमिळनाडूनं पर्ससीन (थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याची मासेमारी) बंद केली, तर जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 12 सागरी मैलांपलीकडे आठवड्यातून फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी 8 ते संध्याकाळी 6 अशी अंतरिम सवलत दिली. म्हणजे जाळं केंद्राच्या पाण्यात, येणं-जाणं राज्याच्या. बंदरात उतरलेल्या टोपलीवरून मासळी कुठली ते ओळखता येत नाही.

फलकवाला: 'हद्द' ठेवतो. पण सोसायटीला सरकारी शब्दही हवाय कंसात. जलधी ऱ्हस्व की दीर्घ?

शुद्धमती: सुटा असेल तर दीर्घ. जोडून लिहाल तर 'जलधिक्षेत्र', धि ऱ्हस्व.

घटिकापात्र: आणि फलक रंगवणारा दोन्ही चुकवणार.